‘आला’, ‘उतरला’, ‘पोचला’: एका कंपनी-इतिहासाची भाषिक चिकित्सा

१

व्यापारी संस्थेचा इतिहास हा एक गद्यप्रकार आहे, आणि इतर गद्यप्रकारांप्रमाणे त्याचेही काही संकेत रूढ झाले आहेत. संस्थापकाची जिद्द, भाड्याची लहानशी जागा, पहिला ग्राहक, भागविक्री, परदेशातील शाखा आणि अखेरीस एखाद्या मोठ्या संस्थेत विलीनीकरण, या क्रमाने तो सांगितला जातो. चरित्रात जे स्थान नायकाच्या जन्माला, शिक्षणाला व विवाहाला असते, तेच येथे नोंदणीला, भांडवलाला व विलीनीकरणाला असते. कापडगिरणी किंवा साखर कारखाना यांच्या बाबतीत हा साचा बव्हंशी पुरेसा ठरतो. कारण गिरणीने काय केले ते तिच्या कापडावरून कळते. परंतु जी संस्था माल बनवीत नाही, मालाविषयीची नोंद बनविते, तिचा इतिहास या साच्यात मावत नाही. तिने नेमके काय बनविले हे समजून घ्यावयाचे, तर तिने कोणते शब्द स्वीकारले, कोणते टाकले आणि कोणते एकमेकांत मिसळले, याचा शोध घ्यावा लागतो. म्हणूनच असा इतिहास अर्थशास्त्राइतकाच भाषाशास्त्राचाही विषय होतो.

मालाची मागणी, साठा, वाहतूक व पोच यांचा एकत्र हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘पुरवठासाखळीचे सॉफ्टवेअर’ असे नाव आहे. ते तयार करणाऱ्या दोन संस्थांच्या सर्वज्ञात इतिहासाची चिकित्सा प्रस्तुत लेखात करावयाची आहे. त्यांतील एक ठाणे शहरातील व दुसरी अमेरिकेतील. या चिकित्सेची कसोटी म्हणून ठाणे जिल्ह्यातीलच उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन गावांची माल-व्यवहाराची भाषा घेतली आहे. माल जेथे प्रत्यक्ष बांधला, चढविला व उतरविला जातो, तेथील क्रियापदे सॉफ्टवेअरच्या क्रियापदांशी ताडून पाहिली, म्हणजे या इतिहासात काय सांगावयाचे राहून गेले ते दिसू लागते.

२

‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ हा शब्दप्रयोग रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः कीथ ऑलिव्हर या व्यवस्थापन-सल्लागारास देतात; १९८२ साली एका वृत्तपत्रीय मुलाखतीत त्यांनी तो वापरला. योगायोगाची गोष्ट अशी की, त्याच १९८२ साली नरेंद्र काळे यांनी पुण्यात ‘काळे कन्सल्टंट्स’ ही संस्था स्थापन केली. विमानकंपन्यांच्या महसुलाचा हिशेब ठेवणाऱ्या आज्ञावलींसाठी ती पुढे प्रसिद्धीस आली. प्रवासी एकाच तिकिटावर दोन-तीन कंपन्यांच्या विमानांतून जातो; तिकिटाचे पैसे मात्र एकीकडेच जमा होतात. कोणी कोणास किती देणे लागते, हे ठरविणे हा या हिशेबाचा गाभा होय. पुढे ही संस्था ‘अ‍ॅक्सेलिया’ समूहाकडे गेली. तिचे नाव प्रथम ‘अ‍ॅक्सेलिया काळे सोल्यूशन्स’ असे झाले आणि कालांतराने त्यातून ‘काळे’ हा शब्दही गळाला.

तथापि मालवाहतुकीशी संबंधित शाखा २०१० साली ‘काळे लॉजिस्टिक्स सोल्यूशन्स’ या नावाने स्वतंत्र झाली. तिचे मुख्य कार्यालय ठाण्यात असून संस्थापकांपैकी अमर मोरे हे तिची धुरा सांभाळत आले आहेत. मूळ संस्थेतून नाहीसे झालेले मराठी आडनाव अशा रीतीने शाखेत टिकले. मुंबई विमानतळावरील मालवाहतुकीसाठी या संस्थेने जी सामुदायिक प्रणाली तयार केली, तिचे तत्त्व सोपे आहे. निर्यातदाराचा दलाल, विमानकंपनी, गोदामचालक व सीमाशुल्क खाते यांपैकी प्रत्येकजण पूर्वी तीच माहिती आपापल्या कागदावर पुन्हा उतरवून घेत असे. ती एकदाच नोंदवावी आणि सर्वांनी तीच पाहावी.

या सुधारणेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. हस्तलिखितांचा अभ्यास करणारास ठाऊक असते की, प्रत्येक नवी प्रत नवा पाठभेद घेऊन येते. एका कागदावर बारा नग, दुसऱ्यावर अकरा. एकीकडे वजन बारदानासह, दुसरीकडे बारदान वजा जाता. असे पाठभेद मालाच्या कागदांतही होत, आणि त्यांपायी माल अडकून पडे. एकच प्रत सर्वांनी वाचावी, ही कल्पना म्हणजे व्यापारी कागदपत्रांची पाठचिकित्साच होय. परंतु पाठचिकित्सेचा पहिला नियम असा की, प्रमाण पाठ कोणता हे ठरविणाऱ्याने आपली कारणे सांगितली पाहिजेत. कंपनीच्या इतिहासात ही कारणे आढळत नाहीत. किती देशांत प्रणाली पोचली हे तेथे असते. चार पक्षांच्या चार शब्दांतून एक शब्द निवडताना कोणाचा शब्द राहिला, हे नसते. ही उणीव एकट्या ठाण्याच्या संस्थेच्या इतिहासाची नाही, ती या गद्यप्रकाराचीच आहे, हे अमेरिकेतील उदाहरणावरून अधिक स्पष्ट होईल.

३

१९८८ साली संजीव सिद्धू व केन शर्मा या दोघा भारतीयांनी अमेरिकेत स्थापन केलेली संस्था ‘आय-टू टेक्नॉलॉजीज’ या नावाने विख्यात झाली. कारखान्यात यंत्रे किती, कच्चा माल किती व मागणी किती, यांचा एकाच वेळी विचार करून उत्पादनाचे वेळापत्रक मांडणे, हे तिच्या आज्ञावलीचे वैशिष्ट्य होते. १९९६ साली तिचे भाग बाजारात आले. पुढे २०१० साली ‘जेडीए’ या संस्थेने तिला विकत घेतले. जेडीए ही अक्षरे तिचे संस्थापक जेम्स डोनाल्ड आर्मस्ट्राँग यांच्या नावाची आद्याक्षरे होत. या जेडीएने २०१८ साली ‘ब्लू यॉन्डर’ ही जर्मन संस्था घेतली आणि २०२० साली आपले नाव टाकून तिचेच नाव धारण केले. २०२१ साली जपानच्या पॅनासोनिकने ही सर्व मिळकत आपल्याकडे घेतली. व्यक्तीच्या आद्याक्षरांकडून काव्यमय दूरदेशाकडे झालेला हा प्रवास नामाभ्यासाच्या दृष्टीने मनोरंजक आहे. परंतु नामांतरांची यादी म्हणजे इतिहास नव्हे.

या संस्थेच्या चरित्रातील दोन प्रसंग अधिक बोलके आहेत. पहिला प्रसंग २००१ सालचा. ‘नाइकी’ या पादत्राणांच्या कंपनीने फेब्रुवारी महिन्यात जाहीर केले की, मागणीचे नियोजन करणाऱ्या नव्या प्रणालीतील गोंधळामुळे खपाचे जोडे कमी व न खपणारे जोडे अधिक मागविले गेले, आणि सुमारे १० कोटी डॉलरांची विक्री हुकली. आय-टूचे म्हणणे असे की, प्रणाली वापरण्याची तिने सांगितलेली पद्धती ग्राहकाने पाळली नाही. दोष आज्ञावलीचा की वापरणाऱ्याचा, हा वाद मुळात ‘वापरणे’ या एका क्रियापदाच्या अर्थाचा वाद होता.

दुसरा प्रसंग २००४ सालचा. अमेरिकेच्या रोखे-बाजार नियामक आयोगाने आय-टूवर असा आरोप ठेवला की, तिने सुमारे १०० कोटी डॉलरांचे परवाना-उत्पन्न चुकीच्या रीतीने दाखविले. आज्ञावलीचे काम पुरते होण्यापूर्वीच काही उत्पन्न हिशेबात जमा धरले गेले. आरोप मान्य वा अमान्य न करता संस्थेने १ कोटी डॉलरांचा दंड भरला. येथे चिकित्सकाने क्षणभर थांबावे. माल केव्हा पोचला हे इतरांना सांगण्याची आज्ञावली जी संस्था विकत होती, तिच्यावरच स्वतःचा माल केव्हा पोचला हे चुकीचे नोंदविल्याचा ठपका आला. ‘विकले’ आणि ‘पोचते केले’ या दोन क्रियापदांमधील अंतर हाच तंट्याचा विषय होता. रूढ इतिहासात हा प्रसंग अपघात म्हणून येतो. आमच्या मते तो या व्यवसायाच्या केंद्रस्थानी आहे. कारण क्रियापदांमधले हे अंतर सांभाळणे हाच त्याचा धंदा आहे.

४

आता कसोटीच्या प्रदेशाकडे वळू. कल्याणच्या पुढे मध्य रेल्वेच्या मार्गावर एकापाठोपाठ येणाऱ्या या तीन गावांचा मालाच्या व नोंदीच्या इतिहासाशी जुना संबंध आहे.

उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धकाळातील कल्याणच्या लष्करी छावणीतून उभे राहिले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस या छावणीत ठेवण्यात आले आणि १९४९ साली तिला आजचे नाव मिळाले. पण पत्ता सांगताना गावकरी आजही ‘कॅम्प नंबर चार’, अमुक सेक्शन, अमुक बॅरॅक असेच सांगतो. लष्कराने सैनिक व सामग्री यांच्या सोयीसाठी पाडलेले क्रमांक येथे माणसांच्या घरांची नावे झाले. संकेतांकाने जागा ओळखण्याची ही पद्धत संगणकाने आणलेली नाही. संकेतांकात राहून त्याला घरपण देणारी पिढी येथे आधीच होऊन गेली.

अंबरनाथला शिलाहारकालीन शिवालय आहे व तेथील शिलालेखात शके ९८२ हा काळ नोंदलेला आहे. पुढे विसाव्या शतकात तेथे विम्कोचा काडेपेट्यांचा कारखाना व संरक्षण खात्याचा आयुधनिर्माण कारखाना आला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर रसायने व यंत्रभाग यांच्या कारखान्यांची वसाहत वाढली. या उद्योगपट्ट्यास पाणी पुरविणारे महामंडळाचे बारवी धरण बदलापूरजवळ आहे. बदलापूर या नावाची लोकप्रिय व्युत्पत्ती अशी की, येथे प्रवासात थकलेले घोडे बदलीत. ‘बदल’ हा शब्द मूळ अरबी असल्यामुळे या व्युत्पत्तीस पुरावा मागितला पाहिजे, आणि पुराव्यावाचून ती सिद्ध मानता येत नाही. तथापि गावाची ओळख मार्गावरील एक ठाणे, ओझे एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर देण्याचे ठिकाण, अशी लोकांनी जपली, एवढे तीवरून खासच म्हणता येते.

अशा प्रदेशात ‘साखळी’ हे रूपक कितपत लागू पडते? संस्कृत ‘शृंखला’पासून आलेला हा शब्द मराठीत बांधून ठेवण्याचा अर्थ वाहतो; साखळीत प्रत्येक कडी फक्त शेजारच्या कडीला धरते. परंतु उल्हासनगरातील तयार कपड्यांचा धंदा पाहिला, तर कापड एका गाळ्यात कापले जाते, दुसऱ्यात शिवले जाते, धुलाईस तिसरीकडे जाते, बटणांस चौथीकडे, आणि त्यांतील काही माल दुरुस्तीसाठी पुन्हा दुसऱ्या गाळ्यात परततो. एकाच टेम्पोत तीन धन्यांचा माल असतो. ही रचना साखळीची नसून जाळ्याची आहे. रूपक चुकले म्हणून आज्ञावली चुकतेच असे नाही. परंतु परतलेला माल, अर्धवट झालेला माल आणि दुसऱ्याकडे कामापुरता गेलेला माल यांना सरळ रेषेत जागा कोठे द्यावी, हा प्रश्न रूपकातच दडलेला असतो.

५

मुख्य मुद्दा क्रियापदांचा आहे. या पट्ट्यातील गोदामांत व कारखान्यांच्या फाटकांवर मालाविषयी जी वाक्ये कानी पडतात, ती वरवर समानार्थी वाटली तरी तशी नाहीत. ‘गाडी निघाली’, ‘गाडी आली’, ‘गाडी लागली’, ‘माल उतरला’, ‘माल मोजून घेतला’, ‘पोच मिळाली’ ही सहा वाक्ये सहा अवस्था दर्शवितात. ‘लागणे’ या क्रियापदाची सूक्ष्मता बदलापूरच्या कोणाही रेल्वे-प्रवाशास सांगावी लागत नाही. लोकल ‘येणे’ वेगळे व ती फलाटाला ‘लागणे’ वेगळे. त्याच न्यायाने ट्रक फाटकाशी आला, तरी माल उतरविण्याच्या जागी लागलेला नसतो.

या प्रत्येक अवस्थेत मालाची जबाबदारी वेगळ्या माणसावर असते. गाडी आली पण लागली नाही, तोवर चालकाचा वेळ जातो. लागली पण उतरली नाही, तर हमालांची वाट पाहावी लागते. उतरला पण मोजला नाही, अशा मालातील तूट कोणाची, हा वाद कायम राहतो. मोजून पोच दिली, की वाद मिटतो. येथील भाषेने हे भेद कोणत्याही सिद्धान्ताच्या आधाराने केलेले नाहीत. ज्याच्या खिशातून नुकसानभरपाई जाते त्याने ते केले आहेत.

या भेदांना कायद्याचेही पाठबळ आहे. १९३० च्या मालविक्री अधिनियमानुसार, अगोदर न तपासलेला माल खरेदीदारास दिला, तरी तो तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत त्याने तो स्वीकारला असे मानले जात नाही. म्हणजे ‘उतरला’ आणि ‘मोजून घेतला’ यांतील अंतर कायद्यास मान्य आहे. फाटकावरचा मेहताजी जे बोलतो तेच विधिमंडळाने कलमात लिहिले.

याउलट अनेक आज्ञावलींच्या पडद्यावर या सहा अवस्थांऐवजी दोन वा तीन रकाने असतात: मार्गस्थ, पोचला, बंद. समजा, अंबरनाथच्या कारखान्यातून निघालेला ट्रक रात्री गोदामाच्या फाटकाशी आला. फाटक बंद आहे. उपग्रहाच्या साह्याने गाडीचे ठिकाण कळताच नोंद झाली, ‘पोचला’. पहाटे पाऊस झाला आणि तीन खोकी भिजली. सकाळी गोदामवाला म्हणतो, माझ्या ताब्यात माल आलाच नव्हता. कारखाना म्हणतो, नोंदीप्रमाणे माल पोचला आहे. ताडपत्री नीट बांधली नाही, हा दोष मग ज्याच्यापाशी कोणतीही नोंद नाही त्या चालकाच्या माथी येतो. येथे कोणी लबाडी केलेली नाही. एका रकान्याने तीन क्रियापदे गिळली, एवढेच घडले. पण नुकसान कोणी सोसावे याचा निवाडा त्या गिळण्यातच झाला.

जुन्या मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे, ‘खोटी’. विशेषण नव्हे, नाम. अर्थ, खोळंबा, दुसऱ्यामुळे झालेला उशीर. ‘माझी खोटी झाली’ या वाक्यात उशीर कोणाला सोसावा लागला हे षष्ठी विभक्तीने सांगितले जाते. पडद्यावरील ‘विलंब’ या रकान्यात केवळ तास असतात. ते तास कोणाचे गेले याची विभक्ती तेथे नसते. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीस ५०,००० रुपयांवरील मालासाठी ई-वे बिल आवश्यक झाले व त्यास अंतरानुसार मुदत असते; सामान्य मालास २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस. वाटेतल्या खोटीस अशा रीतीने राज्यसंस्थेचे घड्याळही लागले आहे. अशा काळात विभक्ती गमावणे ही केवळ शैलीची हानी राहत नाही.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. जुन्या पद्धतीत तोंडी क्रियापदे कितीही सूक्ष्म असली, तरी वाद झाला असता दुबळ्याचे ऐकत कोण होते? गाडी रात्रभर फाटकाशी उभी होती हे चालकाने कशावरून सिद्ध करावे? आज तीच उपग्रहाची नोंद त्याच्या बाजूने साक्ष देऊ शकते. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. किंबहुना आमच्या मुद्द्यास तो पोषकच आहे. नोंद झाली म्हणून दुबळ्याची हानी होते असे नाही. नोंदीत अवस्था मिसळल्या म्हणून होते. ‘आली’ व ‘उतरला’ हे दोन रकाने वेगळे ठेवले, तर तेच यंत्र चालकाच्या खोटीचा पहिला विश्वसनीय पुरावा ठरेल. कोणते रकाने ठेवावयाचे हा निर्णय यंत्राचा नसतो. तो आज्ञावली तयार करणाऱ्या व ती विकत घेणाऱ्या माणसांचा असतो. विकत घेणारा बहुधा कारखाना वा गोदाम असतो, चालक किंवा हमाल कधीच नसतो. शब्दनिवडीचा कल कोणाकडे झुकेल, हे यावरून उमगते.

म्हणून पुरवठासाखळीचे सॉफ्टवेअर करणाऱ्या संस्थेच्या इतिहासाकडून तीन गोष्टींची अपेक्षा करणे अवाजवी होणार नाही. पहिली, तिच्या आज्ञावलीने मालाच्या किती अवस्था मानल्या आणि कालांतराने त्यांत कोणती भर वा घट झाली, ते सांगावे. दुसरी, ही क्रियापदे तिने कोणाकडून घेतली, लेखापालाकडून, विमानकंपनीकडून की फाटकावरील माणसाकडून, ते नोंदवावे. तिसरी, एखाद्या शब्दावरून तंटा झाला असल्यास तो लपवू नये. कारण त्या तंट्यातच तिच्या कामाचे खरे स्वरूप प्रगट होते. १९८२ पासूनचा पुणे-ठाण्याचा इतिहास अशा रीतीने कोणी लिहिला, तर तिकिटाच्या हिशेबातील ‘कोणी कोणास किती द्यावे’ हा प्रश्न मालाच्या हिशेबात ‘कोणी किती सोसावे’ असा कसा झाला, हे त्यात उलगडेल, आणि मराठी गद्यास एक मोलाचा ग्रंथ लाभेल.

आपल्या विभागांचेही काही कर्तव्य उरते. शेतीची, विणकामाची, कुंभारकामाची परिभाषा संकलित करण्याचे महत्त्व आपण जाणतो. गोदामाच्या परिभाषेकडे मात्र ती बाजारी व मिश्र म्हणून दुर्लक्ष होते. उल्हासनगरच्या गाळ्यांत सिंधी, मराठी व हिंदी यांच्या सरमिसळीतून घडलेली, अंबरनाथच्या फाटकांवर इंग्रजी शब्द पचवून मोठी झालेली ही भाषा ज्यांच्या जिभेवर आहे, ते वहीवर काम केलेले मेहताजी व मुकादम आता वृद्ध झाले आहेत. त्यांच्या पश्चात पडद्यावरचे तीन रकानेच प्रमाण मानले जातील, आणि माल ‘पोचला’ म्हणजे नेमके काय झाले, हे विचारावयास शब्दच उरणार नाही. तो शब्द उरावा, एवढ्यासाठी तरी या क्रियापदांची नोंद आपण वेळेवर घेतली पाहिजे.